आवाज थांबला की हात थांबवायचा

४ नोव्हेंबर

ताई,

वर 'प्रिय' लिहिलेलं नाही, ते विसरले म्हणून नाही. लिहिलं होतं, खोडलं, मग नवा कागद घेतला.

एकच विचारायचं आहे. आईची पाळी कितव्या वर्षी गेली? मी तेव्हा शाळेत होते आणि असलं काही माझ्यासमोर कुणी बोलायचं नाही. तू दहा वर्षांनी मोठी, तुला ठाऊक असणार. डॉक्टरांनी विचारलंय म्हणून विचारते. बाकी काही नाही.

तुझा पत्ता, आई गेल्यावर तू तिचा चष्मा पाठवलास, त्या पार्सलवर होता. चष्मा पोचला हे मी तेव्हा कळवलं नव्हतं. पोचला. एक काडी सैल होती, ती बसवून घेतली.

नऊ वर्षं अबोला धरायचा आणि पहिलं पत्र लिहायचं ते पाळीबद्दल, याचं मलाच हसू येतंय. तूही हस हवं तर. पण उत्तर पाठव. नुसता आकडा पुरे.

माझा फोन नंबर तोच आहे. पण फोन करू नकोस. लिही.

बारकी


१५ नोव्हेंबर

ताई,

पत्र परत आलं नाही, म्हणजे पोचलंय. उत्तर आलं नाही, म्हणजे तू वाचलंयस. तुझं वाचणं मला माहीत आहे. उभ्या उभ्या, ओठ आवळून, आणि वाचून झालं की कागदाची घडी होती तशी परत.

आकडा कशाला हवाय ते सांगते. नाहीतर तुला वाटायचं, गोड बोलायला निमित्त काढलंय.

गेलं वर्षभर माझं शरीर माझं ऐकत नाही. बसल्या जागी छातीत धडधडायला लागतं. मग काहीतरी गरम वर चढत जातं, मान, कान, डोकं, आणि पाठ घामाने भिजते. पाळी एका महिन्यात दोनदा येते, मग तीन महिने तोंड दाखवत नाही. झोप नावाला. नवरा बिचारा दोन पांघरुणांत कुडकुडतो आणि म्हणतो, "अगं, खिडकी लाव ना." शब्द सापडत नाहीत ते वेगळंच. परवा मला 'झाकण' आठवेना. त्याला म्हटलं, "अरे ती दे ना, डब्याची टोपी." तो हसला. मी डबा आपटला. तेव्हापासून तो बोलण्याआधी माझ्या तोंडाकडे बघून अंदाज घेतो.

मला वाटलं हृदयाचं काहीतरी. आणि हृदयाचं निघालं तर माझी खुर्ची गेली. मी अजून क्रेनच चालवते, ताई. तुला वाटलं असेल सोडली. नाही सोडली. साइटवर मला सगळे 'वरच्या बाई' म्हणतात. दरवर्षी तपासणी होते, त्यात काही खोट निघाली की खुर्ची दुसऱ्याला. मला दुसरं काही येत नाही. आणि खरं सांगू, दुसरं काही करायचंही नाही. सकाळी शिडी चढून केबिनचं दार लावलं की माझं डोकं शांत होतं. होत असे.

म्हणून कंपनीच्या डॉक्टरला चुकवून लांबच्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी छातीला वायरी लावून पाहिलं, हृदय ठणठणीत. मग नीट बसवून विचारलं, पाळीचं, झोपेचं, रागाचं. कुणी रागाबद्दल विचारतं का? त्यांनी विचारलं. म्हणाल्या, "पाळी जायच्या आधी काही वर्षं शरीर असा गोंधळ घालतं. याला पेरिमेनोपॉज म्हणतात."

मी म्हटलं, "माझं वय पंचेचाळीस आहे."

"मग अगदी वेळेवर आलात," त्या म्हणाल्या.

मला हसू आलं आणि त्याच श्वासात रडूही. यावर उपचार आहेत म्हणाल्या, सोसत बसायची गरज नाही. पण औषध लिहायच्या आधी त्यांना घरातलं माहीत हवं. आईचं कधी गेलं? घरात कुणाला स्तनाचा कॅन्सर? कुणाच्या रक्तात गाठ? आईचं सांगितलं, की खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि मग गाठ फुप्फुसात गेली.

"आणि बहीण आहे का?"

"नाही," मी म्हटलं.

सहज तोंडातून गेलं. परत घेता आलं असतं, नाही घेतलं. तुला राग आला तर येऊ दे.

कामावर परवा जरासं काहीतरी झालं. ते सोड. तू आकडा पाठव.

बारकी


२२ नोव्हेंबर

ताई,

'ते सोड' असं मी लिहिलं. पण तेच सुटत नाहीये. घरी सांगू शकत नाही, नवरा मला उद्यापासून जाऊच देणार नाही. कामावर तर नाहीच नाही. राहिलीस तू. तू आधीच माझ्याबद्दल इतकं वाईट बोलून चुकली आहेस, की आता आणखी काय बोलशील?

आमची एक पद्धत आहे. कधी कधी हूकला लटकलेलं ओझं मला वरून दिसत नाही. भिंतीच्या मागे जातं, खड्ड्यात उतरतं. तेव्हा खाली सिग्नलमन असतो, तो माझे डोळे. वॉकीटॉकीवर तो सतत बोलत राहतो. "येऊ द्या, येऊ द्या, सावकाश, येऊ द्या..." बोलायला काही नसलं तरी बोलायचं. कारण नियम असा, की आवाज थांबला की हात थांबवायचा. वॉकी बंद पडली असेल, तो घसरून पडला असेल, काहीही असेल. आवाज नाही म्हणजे मी नाही.

माझा सिग्नलमन गेली सहा वर्षं एकच आहे. सगळे त्याला पोपट म्हणतात. जेवताना गप्प बसला तर लोक त्याची तब्येत विचारतात.

त्या दिवशी सळ्यांचा भारा भिंतीपलीकडे उतरवायचा होता. रोजचं काम. अर्ध्यात ती गरम लाट आली. केबिनला सगळीकडून काच, ऊन थेट अंगावर. कानात गुणगुण सुरू झाली आणि त्यात पोपटाचं "येऊ द्या, येऊ द्या" सुया टोचल्यासारखं व्हायला लागलं. मला क्षणभर शांतता हवी होती. मी वॉकीचं बटण फिरवून आवाज बारीक केला. बारीक म्हणजे बंदच.

आणि माझा हात थांबला नाही.

का नाही थांबला ते मला सांगता येत नाही. मी इतकी वर्षं हे काम करते, झोपेत विचारलंस तरी नियम सांगेन. पण आवाज मीच बंद केला होता ना, म्हणून हाताला ती शांतता खरी वाटलीच नाही. मी उतरवत राहिले. तो खाली "थांबा, थांबा" म्हणून घसा फोडत होता. भारा सरकून तो उभा होता तिथेच टेकला. त्याने वाळूच्या ढिगावर उडी मारली म्हणून आज त्याचं नुसतं कोपर सोललंय.

त्याने वर कळवलं नाही. मीही नाही. संध्याकाळी शिडीच्या पायथ्याशी माझी वाट बघत उभा होता. "बाई," म्हणाला, "एक विचारू? तुम्ही घेता का?"

"काय घेते?"

"तोंड लाल होतं तुमचं. घाम फुटतो. हात कापतात. माझा भाऊ घ्यायचा, मला कळतं."

माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या! म्हटलं, "ये इकडे, वास घे." आणि गाढवाने खरंच पुढे होऊन वास घेतला. मग एक पाऊल मागे सरकला. म्हणाला, "घेतली असतीत तर बरं होतं. सोडा म्हटलं असतं."

मी म्हटलं, "बायकांचं आहे काहीतरी." पोपटाची बोलती बंद झालेली मी पहिल्यांदा पाहिली. पण जाताना वळून म्हणाला, "पुढच्या महिन्यात जनरेटर यायचाय. तो गच्चीतल्या भोकातून पार तळघरात उतरवायचाय, तुम्हाला वरून काहीच दिसणार नाही. आत चार माणसं असतील, त्यात मी. त्याच्या आत तुम्ही सेफ्टी मॅडमना सांगा. नाहीतर मी सांगणार."

त्याचं बरोबर आहे. म्हणूनच मला त्याचा इतका राग येतोय.

रोज चढते. आवाजाचं बटण पार वरपर्यंत फिरवून त्यावर चिकटपट्टी लावली आहे. पण सांगितलं तर? 'बाईमाणूस, वय झालं, उतरवा खाली.' एवढंच ऐकायला किती जण टपून बसलेत. सुरुवातीला या शिडीवर चढू द्यायलासुद्धा तयार नव्हते.

तुझं उत्तर नाही आलं तरी चालेल. हे लिहून थोडं बरं वाटलं.

बारकी


३० नोव्हेंबर

ताई,

तुझं पत्र आलं. चार ओळी. नाव नाही, सही नाही, 'बारकी' सुद्धा नाही.

"आईची त्रेचाळिसाव्या वर्षी. माझी बावन्नाव्या. हार्मोनच्या गोळ्या चालू असताना माझ्या पायात रक्ताची गाठ झाली होती. तुझ्या डॉक्टरला आजच सांग."

आधी मी चिडले. एवढं सगळं मी लिहायचं आणि तू दुकानातली यादी पाठवावी तशी पाठवायची? मग शेवटची ओळ पुन्हा वाचली. 'आजच' च्या खाली तू दोन रेघा मारल्या आहेस. कागद फाटेल इतक्या दाबून.

तुझ्या पायात गाठ झाली होती आणि मला माहीत नाही. जिने आई गेली तसली गाठ. कोण होतं तुझ्याजवळ? मी हा प्रश्न विचारायला नको, कारण उत्तर मला माहीत आहे. पण विचारते.

त्याच दिवशी डॉक्टरीणबाईंकडे गेले. म्हटलं, "मला एक बहीण आहे." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "मागच्या वेळी नव्हती?" "होती," मी म्हटलं, "आम्ही बोलत नव्हतो." त्यांना नवल वाटलं नाही. गाठीचं सांगितल्यावर मात्र हातातलं पेन खाली ठेवलं. त्या मला गोळ्याच लिहून देणार होत्या, ताई. आता आधी रक्त तपासायचं, आणि ते नीट आलं तर गोळीऐवजी कातडीवर चिकटवायची पट्टी, तिच्यात गाठीचा धोका तसा नसतो म्हणतात. हाडांचीही तपासणी सांगितली, कारण आईची पाळी लवकर गेली आणि खुबा मोडला. तुझीही करून घे म्हणाल्या. घेतलीस का?

दवाखान्यात बसले होते तेव्हा पुन्हा ती लाट आली. हातात कुणाच्या तरी एक्सरेचा लिफाफा होता, शेजारच्या आजींनी धरायला दिलेला. मी त्यानेच वारा घ्यायला लागले. आणि एकदम तू आठवलीस.

तू पण तेच करत होतीस. आई गेली त्या दिवशी, हॉस्पिटलच्या त्या लांबलचक बोळात. थंडी इतकी होती की नर्सही स्वेटर घालून होत्या. आणि तू तुझा स्वेटर काढून बाकावर टाकला होतास आणि आईच्या एक्सरेच्या लिफाफ्याने वारा घेत होतीस. तुझे केस कपाळाला चिकटले होते. मी कामावरून धावत आले, डोक्यावर हेल्मेट तसंच. हॉस्पिटलचे सहा फोन येऊन गेले होते. पण फोन केबिनमध्ये न्यायची बंदी, तो खाली लॉकरमध्ये वाजत होता. मला वाटलं, काय हे नाटक, आई आत गेली आणि ही वारा घेत बसली आहे. आणि मग तू सगळ्यांसमोर म्हणालीस, "वर बसून बसून तुला खालची माणसं दिसेनाशी झाली. आई तुझं नाव घेत गेली."

तेव्हा तू शेहेचाळीस वर्षांची होतीस. मी घरी येऊन हिशोब केला.

म्हणून ते वाक्य पुसलं जात नाही, बरं का. अंगात आग होती म्हणून जिभेवरचं खोटं ठरत नाही. आणि मी पण आता रोज कुणाला ना कुणाला टाकून बोलते, तेव्हा मला माहीत आहे की ते शब्द कुठून येतात. आतून येतात. फक्त एरवी आपण दार लावून ठेवतो.

पण मला हे विचारायचंय. तुला तेव्हा माहीत होतं का, तुला काय होतंय?

बारकी


८ डिसेंबर

ताई,

सांगितलं. आणि खुर्ची गेली.

सेफ्टी मॅडम माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. टेबलावर हेल्मेट पालथं, त्यात पेनं. पोपट माझ्याबरोबर आला. मी नको म्हटलं होतं, तरी दारात उभा राहिला आणि आयुष्यात पहिल्यांदा थोडक्यात बोलला. "आवाज माझा होता. मी पण कळवलं नाही."

मी सगळं सांगितलं. घाम, झोप, वॉकीचं बटण. 'पाळी' हा शब्द मी त्या खोलीत मोठ्याने म्हटला, पोपटाने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे तोंड फिरवलं. मॅडम ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर मी उलट बोलले असते. त्या म्हणाल्या, "कुणी मेलं असतं तर तुम्ही हे मला कधी सांगितलं असतंत?"

मी हेल्मेटमधलं एक पेन काढलं आणि विचारलं, सही कुठे करू.

दोघांनाही लेखी ताकीद. आणि डॉक्टरांचं पत्र येईपर्यंत मी खाली. वर बदली ऑपरेटर. मला गोदामात बसवलंय, पट्टे आणि साखळ्या तपासायला. काल चहाच्या वेळी कुणीतरी मागून म्हणालं, "वरच्या बाई खालच्या झाल्या." सगळे हसले. मी पण हसले, आणि मग साखळ्यांच्या ढिगामागे जाऊन इतकी रडले की शिसारी आली स्वतःची. खालून क्रेन किती उंच दिसते, ताई. मला माहीतच नव्हतं.

नवऱ्याला सांगावंच लागलं. तो ऐकत राहिला आणि म्हणाला, "मग मी काय करू?" मी म्हटलं, "'खिडकी लाव' म्हणू नकोस." दुसऱ्या दिवशी लोकरीची कानटोपी घेऊन आला. आता ती घालून झोपतो. काही म्हणत नाही. त्याला बघून मला हसू येतं आणि मग झोप जरा लागते.

रक्ताची तपासणी नीट आली. पट्टी सुरू केली आहे. गुण यायला काही आठवडे लागतील म्हणतात. जनरेटर मात्र ठरल्या दिवशी येणार आहे, आणि बदली ऑपरेटरने असलं काम कधी केलेलं नाही. मॅडमना ते माहीत आहे. मलाही माहीत आहे. पोपट तर दिवसातून तीनदा गोदामात डोकावतो, काहीतरी निमित्त काढतो आणि जाताना म्हणतो, "त्याला नुसतं ऐकू येतं हो, बाई. ऐकत नाही तो."

कालच्या पत्रात डॉक्टरीणबाईंनी लिहिलंय की मी काम करू शकते. केबिनमध्ये पंखा हवा, पाणी हवं, तासातासाने उतरता यायला हवं आणि सोबत दुसरा माणूस हवा. मॅडमनी वाचलं आणि विचारलं, "आणखी काही?"

मी म्हटलं, "हो. माझ्या घरून कुणाचा तातडीचा निरोप आला तर तो वॉकीवर सांगायचा. लॉकर वाजत ठेवायचा नाही."

त्यांना कळलं नाही हे मध्येच कुठून आलं. पण त्यांनी लिहून घेतलं. खुर्चीचं मात्र अजून काही बोलल्या नाहीत. विचार करते म्हणाल्या.

बारकी


२० डिसेंबर

ताई,

तुझं मोठं पत्र सोमवारी आलं. काम आटोपेपर्यंत उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं. आज आटोपलं. आधी तेच सांगते, तुझं नंतर.

मॅडमनी मला वर पाठवलं. बदली ऑपरेटर केबिनमध्ये माझ्या मागे उभा. अट अशी, की मला जरा जरी वाटलं तर मी सांगायचं आणि तो बसेल. चढताना शिडीची एकेक पायरी मोजली, जसं काही मी पहिल्यांदाच चढत होते. पंखा लावला होता. एवढासा, पण फिरत होता.

जनरेटर गच्चीपर्यंत नेईस्तोवर सगळं दिसत होतं. मग तो भोकात शिरला आणि मला दिसायचा बंद झाला. उरला पोपटाचा आवाज. "येऊ द्या बाई, येऊ द्या, भिंत लांब आहे, येऊ द्या, सावकाश..." एक मजला. दुसरा मजला. आत चार माणसं, डोक्यावर माझं ओझं. मी श्वास मोजत होते.

आणि तिसऱ्या मजल्याशी लाट आली. येणार ती कळते आधी, नाही का? छातीत काहीतरी पडल्यासारखं होतं. मागच्या वेळी याच क्षणी मी बटण फिरवलं होतं. माझा हात बटणाकडे गेलाही. चिकटपट्टी बोटाला लागली.

मी दांडा सोडला. ओझं थांबलं. आणि वॉकीवर बोलले. ती सगळ्यांना ऐकू जाते, ताई. गेटवरच्या वॉचमनपासून मॅडमपर्यंत सगळ्या साइटला. मी म्हटलं, "थांबतेय. मला गरम व्हायला लागलंय. जाईपर्यंत कुणी हलू नका."

अख्ख्या साइटवर एक शब्द नाही. आतली चार माणसं भिंतीला पाठ लावून उभी, वर लटकलेला जनरेटर. बदली ऑपरेटर मागून म्हणाला, "मी बसू का?" मी म्हटलं, "पाणी दे." प्यायले. मानेवर ओतलं. आणि मग वॉकीतून पोपट बोलला. काम थांबलेलं असताना त्याने बोलायचं काही कारण नव्हतं. पण बोलला. "आहे मी, बाई. इथेच आहे. घाई नाही. आहे मी. मस्त गार आहे इकडे खाली, तुम्हीच या. आहे मी..." तो बोलत राहिला, आणि लाट आली तशी गेली. या वेळी त्याचा आवाज टोचला नाही.

मी म्हटलं, "चल, बोल."

"येऊ द्या."

जनरेटर चौथऱ्यावर टेकला तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही. उतरले तेव्हा मॅडम शिडीच्या पायथ्याशी होत्या. "उद्या नेहमीच्या वेळी," एवढंच म्हणाल्या आणि गेल्या. माझ्या जिवात जीव आला. आणि मग हिशेबाच्या खोलीतली बाई आली. इतक्या वर्षांत माझ्याशी एक अक्षर बोलली नव्हती. म्हणाली, "वॉकी आमच्याकडेही वाजते. मला वाटायचं मला एकटीलाच होतंय. खिडकी उघडली की सगळे ओरडतात माझ्यावर." डॉक्टरीणबाईंचा पत्ता घेऊन गेली.

आता तुझं पत्र.

मी ते गोदामात वाचलं, साखळ्यांमागे, उभ्या उभ्या. तुझ्यासारखीच. तुला वर्गात मुलांची नावं आठवेनात, हजेरी घेताना एका मुलीला तू तिच्या आईच्या नावाने हाक मारलीस आणि मुलं हसली, हे तू मला कधी सांगितलं नव्हतंस. शाळेतली नोकरी सोडलीस तेव्हा मी सगळ्यांना सांगितलं होतं की ताई आळशी झाली. डॉक्टरने तुला झोपेच्या गोळ्या दिल्या आणि काहीतरी छंद लावून घ्या म्हणाला. तू लिहितेस, "मला वाटलं मला वेड लागतंय. आणि वेड लागलेल्या बाईने गप्प बसावं, म्हणून मी गप्प बसले." आईचंही लिहिलंयस. ती दिवसभर मागच्या दारात उभी राहायची, आणि तू विचारलंस की म्हणायची, चुलीचा धूर होतो. आपल्याकडे तेव्हा गॅस आला होता, ताई. आपण दोघींनी ते ऐकून घेतलं.

त्या बोळातल्या वाक्याबद्दल तू माफी मागितलेली नाहीस. लिहिलंयस, "ते मी बोलले. ते माझंच आहे." बरं झालं. माफी मागितली असतीस तर मला ती द्यावी लागली असती, आणि माझी अजून तयारी नाही. पण तू एक आणखी लिहिलंयस, की आई माझं नाव घेत गेली ते खरं, पण रागाने नाही. "बारकी वर आहे ना, तिला घाबरवू नका, खाली उतरल्यावर सांगा." असं म्हणाली. आणि तू त्यातलं अर्धंच मला सांगितलंस.

नऊ वर्षं, ताई. नऊ वर्षं मी त्या अर्ध्यावर जगले.

मी तुला आत्ता शिव्या घालणार होते. खूप जमवून ठेवल्या होत्या. पण आज मी इतकी दमले आहे, आणि आई तसं म्हणाली हे कळल्यावर मला आधी थोडं रडायचंय.

पट्टीने जरा फरक वाटतोय. की आजच्या दिवसाने, कोण जाणे. तू हाडांची तपासणी करून घेतली नाहीयेस, हे तू पत्रात शिताफीने टाळलंयस. मला कळतं. मोठी असलीस म्हणून काय झालं. इकडे ये, डॉक्टरीणबाईंना दाखवू. खिडकीजवळची कॉट मात्र माझी आहे, आधीच सांगून ठेवते. तुला हवी असेल तर भांडावं लागेल. नवऱ्याला मी दुसरी कानटोपी आणायला सांगेन.

मॅडमकडे तुझा नंबर दिलाय, तू पत्राच्या मागे लिहिलेला. तातडीचं असेल तर तू खाली ऑफिसात फोन कर, नंबर पाकिटामागे लिहिलाय, ते मला वर सांगतील.

तातडीचं नसेल तर रविवारी कर. रविवारी मी खालीच असते. फोन हातात असतो.

तुझी बारकी